शनिवारच्या आधी तिला खरं सांगा

एका आईचं पत्र

ताई, नमस्कार. मी कराडची. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. घरात आम्ही दोघं, ती आणि सासूबाई. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी झाली आणि आठ दिवसांत सासरे गेले. सकाळी नेहमीप्रमाणे तिला स्कूटरवरून शाळेत सोडून आले आणि अकराच्या सुमाराला हार्ट अटॅक आला. मुलीला शाळेतून परस्पर माझ्या बहिणीकडे नेलं. 'आजोबांना दवाखान्यात ठेवलंय, परवा येतील' असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी घरी आणलं तेव्हा तिला कळलं.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हापासून रोज सकाळी तिचं पोट दुखतं. रविवारी दुखत नाही. सोनोग्राफी झाली, लघवी तपासली, जंताचं औषध झालं, कशात काही निघालं नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी कोल्हापूरच्या एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. येत्या शनिवारी साडेअकराची वेळ मिळाली आहे. सासूबाई म्हणतात, पोरीला वेडी ठरवू नका. मिस्टर म्हणतात, आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. कारखान्याचा सीझन चालू असल्यामुळे ते येणारही नाहीत. मुलीला मी 'दाताच्या डॉक्टरकडे जायचंय' असं सांगून ठेवलंय, कारण खरं सांगितलं तर ती गाडीतच बसणार नाही. तिथं काय विचारतात? काय घेऊन जायचं? तिला काय बोलायला शिकवून न्यावं? शाळेत कळलं तर काय होईल?

ता. क. : परवा रात्री झोपताना म्हणाली, 'मी पण आजोबांकडे जाऊ का?' मी एकदम ओरडले तिच्यावर. तेव्हापासून मला झोप नाही.

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र मी शेवटाकडून वाचायला घेते, कारण ताज्या कलमातली गोष्ट शनिवारपर्यंत थांबणारी नाही.

'मी पण आजोबांकडे जाऊ का?' हे वाक्य जवळचं माणूस गेलेली पुष्कळ मुलं बोलतात. बहुतेक वेळा त्यात नुसती आठवण असते. कधी भाबडी चौकशी असते की गेलेलं माणूस कुठं राहतं आणि तिथं जाऊन परत येता येतं का. पण 'बहुतेक वेळा' या शब्दांवर आईनं विसंबून राहू नये. आज रात्री दिवा मालवल्यावर तिच्या शेजारी पडा आणि म्हणा, 'परवा तू आजोबांकडे जाऊ का म्हणालीस आणि मी ओरडले. मला भीती वाटली म्हणून ओरडले. तुझ्या मनात काय होतं, सांगशील?' ती जे सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या. मग सरळ विचारा, 'आपण मरून जावं असं वाटतं का कधी? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?' असं विचारलं तर नसता विचार पोरीच्या डोक्यात शिरेल अशी धास्ती जवळजवळ प्रत्येक आईला वाटते. विचारल्यानं तसं होत नाही. उलट एवढ्या भीतीदायक गोष्टीबद्दलही आईशी बोलता येतं हे मुलाला कळतं.

उत्तर 'हो' आलं, किंवा तिनं नुसती मान हलवली, तर शनिवारची वाट बघू नका. तिला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना गाठा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं असा प्रश्न पडला तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये ही सेवा सुरू केली. ती चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मुलीचं उत्तर काहीही येवो, घरातली औषधं कुलपात घाला. शेती असेल तर फवारणीचं औषध आणि उंदराचं औषधसुद्धा. सासऱ्यांच्या गोळ्यांची पाकिटं अजून त्यांच्या कपाटात तशीच असतील तर ती पहिल्यांदा काढा. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. लहान मूल आणि दुःख एका घरात असताना एवढी काळजी घ्यायचीच असते. आणि तिचं ते वाक्य, जसंच्या तसं, समुपदेशक बाईंना शनिवारच्या आधी फोनवर कळवा. त्यांना तयारीला वेळ मिळेल आणि गरज वाटली तर त्या तुम्हाला आधीच बोलावतील.

ओरडलात त्याबद्दल स्वतःला खात बसू नका. आजच्या रात्रीच्या बोलण्यानं ते भरून निघेल.

आता दाताचा डॉक्टर. हे मला मनापासून सांगायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रात दोन खोट्या गोष्टी आहेत आणि दोन्ही मायेपोटी सांगितलेल्या आहेत. पहिली, 'आजोबा दवाखान्यात आहेत, परवा येतील.' दुसरी, 'आपण दाताच्या डॉक्टरकडे जातोय.' मोठ्यांच्या नजरेनं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नऊ वर्षांच्या मुलीच्या बाजूनं पाहा. सप्टेंबरमध्ये ती शाळेत गेली, आणि ती शाळेत असताना घरातलं एक माणूस नाहीसं झालं. दवाखान्यात आहे म्हणाले, येईल म्हणाले, आलं नाही. म्हणजे शाळेत गेलं की घरी काहीतरी घडतं, मोठी माणसं दवाखान्याबद्दल खरं सांगत नाहीत, आणि 'येतील' या शब्दाला अर्थ नसतो. हा हिशेब तिनं असाच मांडलाय असं मी इथून ठामपणे म्हणणार नाही, ते शोधण्याचं काम कोल्हापूरच्या बाईंचं आहे. पण तिचं पोट शाळेच्याच वेळेला दुखतं आणि रविवारी दुखत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. अशा मुलीला पुन्हा एका दवाखान्याबद्दल खोटं सांगून नेलं, आणि तिथं पोचल्यावर खुर्चीही नाही, दातही कुणी बघत नाही, हे तिला कळलं, तर समुपदेशक बाई कितीही चांगल्या असल्या तरी त्यांची सुरुवात उणे दहापासून होईल. तिचा तुमच्यावरचा भरवसा जाईल तो वेगळाच.

आपली भाषा पोटाबद्दल फार शहाणी आहे. भीतीनं पोटात गोळा येतो, वाईट बातमीनं पोटात धस्स होतं, गुपित आपण पोटात ठेवतो. तुमच्या लेकीचं पोट खरोखर दुखतंय. ती नाटक करत नाही, शाळा बुडवायचा बहाणा करत नाही. पोट आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची थेट ये-जा असते. भीती वाढली की आतड्यांची हालचाल बदलते आणि कळ येते. सोनोग्राफीत ती दिसत नाही एवढंच. 'तपासण्यांत काही निघालं नाही' याचा अर्थ 'तिला काही झालेलं नाही' असा कृपा करून काढू नका, आणि घरात कुणालाही तिच्यासमोर काढू देऊ नका.

मग तिला सांगायचं काय? आज बुधवार आहे असं धरते. गुरुवारी संध्याकाळी सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला एक-दोन दिवस आधी सांगितलेलं बरं असतं. आठवडाभर आधी सांगितलं तर ती आठवडाभर त्याचीच काळजी करत बसते आणि गाडीत बसल्यावर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं. जेवणाच्या ताटावर नको, शाळेच्या गडबडीत नको. भाजी निवडताना किंवा तिची वेणी घालताना सांगा. हात कामात असले, समोरासमोर बघायचं नसलं, की मुलांना ऐकणं सोपं जातं. तुमच्या शब्दांत सांगा, पण साधारण असं:

'मी तुला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणाले होते ना, ते खरं नव्हतं. कसं सांगावं ते मला सुचलं नाही, म्हणून तसं म्हणाले. माझं चुकलं. शनिवारी आपण कोल्हापूरला एका ताईंकडे जाणार आहोत. मुलांना भीती वाटते, रडू येतं, पोट दुखतं, तेव्हा त्या मुलांशी बोलतात, खेळतात, चित्रं काढतात. तिथं इंजेक्शन नसतं. आजोबा गेल्यापासून तुला त्रास होतोय, मलाही होतोय. त्रास कमी कसा करायचा ते त्यांना माहीत असतं. तुला बोलावंसं नाही वाटलं तर नको बोलूस. मी तुझ्याबरोबरच आहे.'

ती रडेल, चिडेल, कदाचित 'मी येणार नाही' म्हणून दार आपटेल. चिडू द्या. खोटं पकडलं गेल्यावर माणसाला राग येतोच. लगेच समजूत काढायला धावू नका, चॉकलेट किंवा रंकाळ्यावरची भेळ कबूल करू नका. भेळ खायला जरूर जा, पण 'शहाण्यासारखं बोललीस तर' ही अट त्याला लावू नका. अट लागली की तिला वाटतं, तिथं बोलणं म्हणजे परीक्षा आहे. आणि ज्याची खात्री नाही ते वचन देऊ नका. 'एकदाच जायचं, पुन्हा नाही', 'पोट लगेच थांबेल', 'कधीच औषध देणार नाहीत', यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही. या घरात इथून पुढं दिलेलं प्रत्येक लहान वचन पाळलं जातंय, एवढं तिला दिसलं तरी खूप आहे.

तुम्ही विचारलंय, तिला काय शिकवून न्यावं. काहीही नाही. माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आलेली कितीतरी मुलं पहिल्या पाच मिनिटांत पाठ केलेलं म्हणून दाखवत: 'मी आता रोज शाळेत जाईन, आईला त्रास देणार नाही.' तेवढं संपलं की गप्प. आईनं गाडीत घोकून घेतलेलं असायचं. सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य म्हणजे 'घरातलं काही बाहेर सांगायचं नाही हं.' हे वाक्य तुमच्याकडून येणार नाही, पण आजीकडून किंवा काकूकडून येऊ शकतं, आणि चांगल्या हेतूनंच येईल. ते आधी अडवा. उलट तिला म्हणा, 'तिथं काहीही सांगितलंस तरी चालतं. माझ्याबद्दलसुद्धा.' हे म्हणताना तुमच्याच पोटात गोळा येईल. तरी म्हणा.

तिथं काय होतं, ते सांगते म्हणजे तुमची निम्मी भीती जाईल. पहिली भेट साधारण पाऊण तास ते तासभराची असते. बऱ्याच ठिकाणी आधी आईवडिलांशी एकटं बोलतात. तसं ठरलेलं नसेल तर फोनवर तुम्हीच मागून घ्या, 'मुलीच्या अपरोक्ष दहा मिनिटं मिळतील का?' मुलीला शेजारी बसवून 'हिला ना, रोज सकाळी असं होतं, काल तर हिनं...' असा पाढा वाचणं ही मुलांना सर्वांत जास्त लागणारी गोष्ट आहे. ती मान खाली घालून खुर्चीच्या कडा खरवडत बसतात. वेगळा वेळ मिळत नसेल तर सगळं कागदावर लिहून न्या आणि तो कागद हातात द्या.

तुम्हाला जे विचारतील त्यातलं बरंचसं जुनं असतं. बाळंतपण कसं झालं, वजन किती होतं, जन्मल्या जन्मल्या रडली का, बसायला, चालायला, बोलायला कधी लागली, शी-शू कधीपासून सांगायला लागली, मोठं आजारपण, पडझड, शाळा कोणती, मैत्रिणी किती, झोप कशी, कुणाजवळ झोपते, मोबाईल किती वेळ बघते, घरात कोण कोण, कुणाचं कुणाशी पटत नाही. शेवटचा प्रश्न ऐकून बिचकू नका. तुमच्या घराचा निवाडा करायला तो विचारलेला नसतो. मूल कुठल्या हवेत वाढतंय ते समजून घ्यायचं असतं, बस्स.

मुलीबरोबर मात्र खेळ चालेल. कागद-खडू, माती, बाहुल्या, प्राण्यांची चित्रं, कधी वाळूचा ट्रे. 'घरातल्या सगळ्यांचं चित्र काढ' असंही सांगतील. बाहेर आल्यावर तुम्हाला वाटेल, तासभर नुसतं खेळवलं आणि फी घेतली. असं वाटणारे पुष्कळ पालक मला भेटलेत आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण बाहेर बसून ते तसंच दिसतं. पण जे मोठ्यांना शब्दांत मांडता येतं ते मुलं खेळात मांडतात. बाहुलीला दवाखान्यात नेऊन पांघरूण घालणारं मूल तुम्हाला काहीतरी सांगत असतं. बाई एखादी प्रश्नावली भरून घेतील, कदाचित पुढं कधी चाचणीही सुचवतील. चाचणी म्हटलं की 'आमची पोर मठ्ठ नाही हो' असं मनात येतं. सगळ्या चाचण्या बुद्धीच्या नसतात, आणि ज्या असतात त्यांचा उपयोगही मुलाला कुठं अडतंय हे बघायलाच होतो. कशासाठी करताय, असं मोकळेपणानं विचारा.

न्यायच्या वस्तू थोड्याच आहेत. सोनोग्राफी आणि तपासण्यांचे कागद, आतापर्यंत दिलेल्या औषधांची नावं, लसीकरणाचं कार्ड, शाळेचं प्रगतिपुस्तक आणि एखादी नेहमीची वही. वही नवी, स्वच्छ निवडू नका. दिवाळीच्या आधीचं आणि नंतरचं अक्षर दिसेल अशी घ्या. आणि तुमच्या हातचा एक कागद: पोटदुखी कुठल्या तारखेपासून, किती वाजता सुरू होते, किती वेळ राहते, कशानं थांबते, शाळा किती दिवस बुडाली, सुट्टीत काय होतं, झोपेत दचकते का, तुम्ही बाजारात गेलात तर मागे लागते का. हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातलाय. 'आई नजरेआड झाली की काय होतं' याचं उत्तर तुमच्या बाबतीत महत्त्वाचं ठरू शकतं. ती जवळ घेऊन झोपते अशी एखादी जुनी चादर, बाहुली असेल तर तीही असू द्या. नऊ वर्षांची घोडी झाली, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

आजोबा गेले त्या दिवशी काय घडलं आणि तिला काय सांगितलं गेलं, ते बाईंना स्वतःहून सांगा. हे सांगायला लाज वाटेल, राहून जाईल, म्हणून कागदावर सगळ्यात वर लिहा. साधारण सातव्या-आठव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांना कळलेलं असतं की मेलेलं माणूस परत येत नाही. तिलाही कळलंय. तिला कदाचित ते कळलं तेव्हा कुणी तिच्याजवळ नव्हतं, किंवा निरोप घेता आला नाही, ते राहून गेलंय. त्या तीन दिवसांबद्दल तिच्याशी कधी आणि कसं बोलायचं ते बाईंच्या सल्ल्यानं ठरवा. शनिवारच्या आधी तेही सगळं उरकून टाकायची घाई करू नका.

सासूबाईंविषयी. 'पोरीला वेडी ठरवू नका' हे त्या म्हणतात, त्यात राग कमी आणि भीती जास्त आहे. त्यांच्या पिढीनं मानसिक उपचार म्हणजे एकच दार पाहिलंय, ते लोखंडी असायचं. त्यातून पाच महिन्यांपूर्वी त्यांचाच जोडीदार गेलाय हे तुमच्या पत्रात कुठंच येत नाही. त्यांना पटवून द्यायच्या फंदात पडू नका. त्यांची मदत मागा. 'आई, ही पहिल्यांदा कधी चालली, पहिला शब्द कुठला, तुम्हाला आठवतं का? तिथं विचारणार आहेत.' पहिली पावलं कुठल्या खोलीत टाकली तेही त्या सांगतील, आणि मग हे प्रकरण त्यांच्याही नातीचं होईल. जमलं तर त्यांनाही एखाद्या भेटीला घेऊन जा. लहान पोरीइतकीच त्यांनाही कुणाशीतरी आजोबांबद्दल बोलायची गरज असेल.

तुमच्या मिस्टरांना सांगा, लहानपणी असलं काही नव्हतं हे खरंय, मुलं तेव्हा घाबरायची आणि एकटीच घाबरायची. पण वाद घालू नका. त्यांचेही वडील गेलेत आणि लगेच गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे त्यांना रडायलाही सवड मिळालेली नाही. शनिवारी यायला जमत नसेल तर बाईंना विचारून फोनवर दहा मिनिटं बोलायची वेळ ठरवा, आणि पुढच्या एका भेटीला त्यांनी यावं असा आग्रह मात्र धरा. वडील आले की मुलीला हा त्रास सगळ्या घराला मान्य असल्याचं कळतं.

शाळेचं. समुपदेशकांकडे नेल्याचं शाळेला कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. तुमच्या परवानगीशिवाय त्या शाळेला काही कळवत नाहीत, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे. माझं मत विचाराल तर वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या, सविस्तर नाही, एवढंच: 'आजोबा गेल्यापासून ती घाबरते, आम्ही मदत घेतोय, पोट दुखलं तर तिला दहा मिनिटं स्टाफरूममध्ये बसू द्या, लगेच घरी पाठवू नका.' हजेरीची धास्ती घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार चौथीतल्या मुलीला ना मागच्या वर्गात ठेवता येत, ना शाळेतून काढता येत. पण शाळा पूर्ण तुटू देऊ नका. जितके दिवस घरी जातात तितकी परत जायची भीती मोठी होत जाते. गुरुवार-शुक्रवार निदान मधल्या सुट्टीपर्यंत बसवता आलं तर बघा, आणि नेमकं किती वाजता न्यायला येणार ते सांगून त्या मिनिटाला फाटकाशी उभ्या राहा.

फी, वेळ बदलली तर काय, भेटी किती लागतील, हे सगळं फोनवरच विचारून घ्या. त्यात संकोच कसला. शिक्षण आणि लहान मुलांबरोबर काम केल्याचा अनुभवही विचारा. 'समुपदेशक' ही पाटी कुणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट, ते डॉक्टर असतात आणि औषध तेच लिहून देऊ शकतात. समुपदेशकांना औषधाची गरज वाटली तर त्या तिकडं पाठवतील. चार-पाच भेटींनंतर 'तुम्हाला काय दिसतंय, आपण कुठं पोचलोय' असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बाई आणि मुलगी यांचं सूत जुळलंच नाही तर दुसऱ्यांकडे जाण्यातही काही गैर नाही. पैशांची ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभाग असतो. तिथं केसपेपर काढून दाखवता येतं.

एक गोष्ट बाईंना पहिल्याच दिवशी विचारा: मुलीनं सांगितलेलं तुम्ही आम्हाला किती सांगणार? चांगल्या समुपदेशक मुलाचं बोलणं आईवडिलांना शब्दशः सांगत नाहीत, काय चाललंय आणि घरी काय करायचं एवढं सांगतात. मात्र मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं, किंवा कुणी त्याचा छळ करतंय असं पुढं आलं, तर ते लपवत नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. ही सीमा मुलीलाही तिच्या भाषेत सांगितली जाते.

शनिवारी सकाळी लवकर निघा. कराड ते कोल्हापूर 70-75 किलोमीटर आहे आणि तुमच्या मुलीचं सकाळी पोट दुखतं, तेव्हा वाटेत एकदा तरी थांबावं लागणार हे धरूनच चाला. न्याहारी हलकी द्या, जादा कपडे आणि प्लास्टिकची पिशवी जवळ असू द्या. घाईघाईत, धापा टाकत पोचलेल्या मुलाचा पहिला अर्धा तास वाया जातो. वाटेत सल्ले देऊ नका. आजोबांची गोष्ट तिनं काढली तर बोला, नाही काढली तर उसाच्या गाड्या मोजा.

परत येताना 'काय विचारलं? तू काय सांगितलंस?' हे ओठांवर येईल. गिळा. 'दमलीस का? भूक लागली का?' एवढं पुरे. ती झोपली तर झोपू द्या. घरी पोचल्यावर आजी, शेजारी, बहीण कुणीच तिला खोदून विचारणार नाही असं निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा. पहिल्या भेटीनंतर एखादा दिवस ती जास्त रडली, जास्त चिकटली तरी घाबरू नका, तसं होतं. सोमवारी पोट दुखणारच आहे. एका भेटीत ते थांबणार नाही.

राहता राहिली शनिवारच्या त्या तासाची गोष्ट. बाई तिला एकटीला आत घेतील तेव्हा तिच्यासमोर एक खुर्ची ठरवा आणि सांगा, 'मी इथं बसलेय. तू बाहेर येशील तेव्हा इथंच असेन.' मग खरोखर तिथंच बसा. चहा प्यायला खाली जाऊ नका, महालक्ष्मीचं दर्शन तेवढ्यात उरकून घेऊ नका, गाडी नीट लागलीय का ते बघायलाही नको. पाण्याची बाटली आधी भरून घ्या, स्वच्छतागृहात आधी जाऊन या, फोन आला तर त्याच खुर्चीत बसून घ्या. दहाव्या मिनिटाला ती दार किलकिलं करून बघेल. पंधराव्या मिनिटाला कदाचित पुन्हा बघेल.